सांगलीहून आणायची बाटली

यंदा लेकीला तपासणीसाठी सांगलीला घेऊन निघालो, तेव्हा आईनं दारातूनच हाक मारली, "अरं, येताना ती बाटली घिऊन ये. विहीणबाईंनी दावल्याल्या दुकानातनंच आण, दुसरीकडची नगं."

विहीणबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बायकोचं माहेर माधवनगर. सांगलीच्या पेठेतलं ते आयुर्वेदिक औषधांचं दुकान त्यांनीच आईला दाखवलं होतं. बाटली द्राक्षासवाची. या वेळी ती हवी होती माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला. तिला दिवस गेले होते, आणि भाताचा वास आला तरी ती तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळत होती.

मी "हो" म्हणालो. लेक पोटात होती त्या वर्षीही मी असाच "हो" म्हणालो होतो, आणि तेव्हा बाटली आणलीही होती.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला शिकवतो. त्या वर्षी आमच्या गावात दारूच्या दुकानासाठी बायकांचं मतदान झालं. आमच्या भागात हे नवं नाही. चिठ्ठीवर दोन बाटल्या छापलेल्या असतात, एक उभी, एक आडवी. दुकान राहू दे म्हणणाऱ्यांनी उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणाऱ्यांनी आडवीवर. मी घरोघर फिरलो, भिंती रंगवल्या, शाळेच्या पटांगणात भाषणं केली. बाटली आडवी झाली. बायकांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. मी तो धुतला नाही, तसाच घरी गेलो, बायकोला दाखवायला.

बायकोचे तेव्हा सुरुवातीचे दिवस होते. पोटात पाणीही ठरत नव्हतं. आई सकाळ-संध्याकाळ तिला द्राक्षासव द्यायची, पाण्यातून दोन चमचे. "भूक लागती, अंगात रगत भरतं," म्हणायची. बाटली स्वयंपाकघरात देवांच्या फळीशेजारी असायची. मी गुलालाच्या कपाळानं आत आलो तेव्हाही ती तिथंच होती.

मुलगी माधवनगरला झाली. दूध पिता पिता ती थकायची, कपाळावर घाम यायचा, छाती भराभर हलायची. सासूबाई म्हणाल्या, हे बरोबर नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकलं, मग यंत्रावर तपासलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, म्हणाले. मग बायकोकडे बघून विचारलं, "पहिल्या महिन्यांत काही औषधं? तंबाखू, मिश्री? दारू?"

तिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. हसलोसुद्धा. "डॉक्टर, आम्ही अख्ख्या गावाची बाटली आडवी केलीय."

नात बघायला आलेली माझी आई बाजूला उभी होती. तिनं भर घातली, "आमच्यात कुणी शिवत बी न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

लेकीचं ऑपरेशन झालं. भोक बुजवलं. तिच्या छातीवर मधोमध एक उभी रेघ राहिली. आता ती सातवीत आहे, कबड्डी खेळते, आणि दम लागला तर तो सगळ्या पोरींना लागतो तेवढाच. पण ऑपरेशन व्हायच्या आधीच घरात कारणाचा शोध सुरू झाला होता. आईला आठवलं, त्या महिन्यांत ग्रहण लागलं होतं. "गिराणात इळीवर बसली असंल. सांगितलेलं ऐकत न्हाई." बायको म्हणाली, मला आठवत नाही. तेवढं पुरे झालं. बारशाला, हळदीकुंकवाला, कुणाच्या लग्नात, कुणी ना कुणी तिला बाजूला घेऊन विचारायचंच, "चिरलं व्हतं व्हय गं काही?" मी विज्ञान शिकवतो. ग्रहणात भाजी चिरल्यानं हृदयाला भोक पडत नाही, हे मी वर्गात सांगू शकतो. घरात एकदोनदा सांगितलंही. आई म्हणाली, "मग कशानं पडलं, सांग की." मी गप्प बसलो, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं.

नंतर गप्प बसलो त्याचं कारण वेगळं होतं. दुकान बंद होऊन वर्ष उलटल्यावर बायका एका माणसाला शाळेत घेऊन आल्या. तो जुना पिणारा. त्यांच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या होत्या, त्याच्या गोठ्यामागं सापडलेल्या. माझ्या टेबलावर त्या मांडत एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, ही बघा. उभी आडवी केली तर ही बसकी निघाली."

"औषध हाय, गुरुजी," तो म्हणाला. "पोट बिघडलंय."

"कवापासनं रं? दुकान बंद झाल्यापासनं व्हय?"

सगळ्या हसल्या. मी टेबलाकडं बघत होतो. तपकिरी काच, तळाशी गाळ. आमच्या फळीवर होती तीच. आसव आंबवून करतात, आंबवताना मद्यार्क तयार होतो, आणि हेच मी मुलांना शिकवत आलो होतो. हा माणूस एका वेळी बाटलीभर प्यायचा, माझ्या बायकोनं दोन चमचे घेतले. हा फरक मोठा आहे की नाही, ते मला कळेना. अजूनही नीट कळत नाही. मी त्या माणसाला समज दिली, बायकांना शाबासकी दिली, आणि घरी जाऊन कुणालाच काही बोललो नाही.

बोललो असतो तर आईचं काय झालं असतं, हे मी स्वतःला सांगत असे. गुरुजींचं काय झालं असतं, हे सांगत नसे.

तर यंदा सांगलीला तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. लेक यंत्रासाठी छातीला लावलेलं चिकट जेल पुसायला आत गेली. डॉक्टर आता म्हातारे झालेत. मला बाटली आणायची होती. मी उठलो, परत बसलो, आणि गोठ्यामागच्या बाटल्यांपासून सगळं सांगून द्राक्षासवाचं विचारलं. बायको शेजारीच होती.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हृदय तयार होतं ते पहिल्या दोन महिन्यांत. त्या काळात, किंवा पुढंही, मद्य किती घेतलं तर चालतं, असं कुणी सांगू शकत नाही. मग बाटली कसलीही असो. पण हिचं भोक त्यानंच पडलं का, हेही कुणी सांगू शकत नाही. बऱ्याच मुलांत कारण सापडतच नाही."

"म्हणजे त्यानं नसेल?"

"म्हणजे माहीत नाही. पुढच्या बाईला देऊ नका, एवढं नक्की माहीत आहे."

मी हो किंवा नाही ऐकायला इतकी वर्षं थांबलो होतो. आता काय वाटून घ्यायचं तेच मला समजेना.

एसटीत लेक खिडकीशी झोपली. कराडला बायकोनं तिचं कलंडलेलं डोकं सावरलं. मग म्हणाली, "मी रोज घेत नव्हते. जीभ आखडायची त्यानं. आई बघत नसल्या की मोरीत ओतायचे."

"किती वेळा?"

"आता काय सांगू? कधी प्यायले, कधी ओतलं."

मला उगाच हलकं वाटलं, आणि लगेच वाटलं, कशासाठी? माझं हलकं वाटणं तिला दिसलं असावं.

"बाटलीचं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही तर जाणून आणली नव्हती. पण भाजी चिरली म्हणून मी एवढी वर्षं ऐकून घेतलं. तुम्ही तिथंच बसलेले असायचा, अहो. तुम्हाला दुसरं काहीतरी माहीत होतं."

मला माफी मागायची होती. पण नेमकी कशाची, ते ठरेना. ती तोवर खिडकीबाहेर बघू लागली होती.

घरी आलो तेव्हा आई आणि भावजय चहा घेत होत्या. आईनं आधी नातीला विचारलं, मग माझ्या पिशवीकडं पाहिलं. "बाटली?"

"आणली नाही." मी तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. गोठ्यामागच्या बाटल्या, डॉक्टर, सगळं. भावजयीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हंजी मी पोरीला दारू पाजली व्हय?"

"तसं नाही, आई. कुणालाच माहीत नाही."

"मला माझ्या सासूनं दिलीया. तुमा दोघांच्या वक्ताला. तुमाला काय झालं?"

वर्गात एखाद्या मुलानं हे विचारलं असतं, तर उत्तर सुचलं असतं.

"मग कवापासनं ठाव हाय तुला हे?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. आईनं माझ्यावरची नजर काढली आणि ती माझ्या बायकोकडं वळली. मला वाटलं, आता ग्रहणाचं काही बोलेल. ती बोलली नाही. पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मग भावजयीकडं हात करून बायकोलाच म्हणाली, "आता हिच्या तोंडात तर काय ठरंना. द्यायचं काय हिला?"

बायको चुलीकडच्या डब्यांकडं गेली. "मला लाह्या चालायच्या, आई," ती म्हणाली. "कोरड्या. थोड्या थोड्या. तेवढ्याच ठरायच्या."

"मला सांगितलं न्हाईस कवा."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

आईनं डबा स्वतः काढला, मुठीत लाह्या घेतल्या आणि भावजयीच्या पुढ्यात ठेवल्या.