मामांनी न थुंकलेला दाणा

मामा जायच्या आधी मी दौंडहून केंदूरला जाऊन आले, ती शेवटची भेट. डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं टम्म फुगलेलं. यकृताचा कॅन्सर. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस... खरं सांगते, मला रडू यायच्या आधी संताप आला.

मामा हट्टी, आणि अन्नाच्या बाबतीत तर विचारूच नका. शेंगा फोडायला बसले की चांगला दाणा घरात, काळपट, डागी दाणा गाईसाठी सुपाच्या कडेला आणि त्यातलेच मूठभर बोलता बोलता स्वतःच्या तोंडात. कडू लागला की आपण थुंकतो, मामा गिळायचे. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "दाना थुकायचा नसतो, पोरी. लक्षुमी हाय ती." अवकाळीत भिजलेल्या शेंगांवर, पेंडीवर हिरवी बुरशी चढली तरी टाकायची नाही. धुवायची, उन्हात घालून चोळायची, की झाली चांगली! आमच्याकडं घरोघरी हेच चालतं. जनावराला काय, सगळं पचतं म्हणतात.

एक दिवस संकलन केंद्रावर त्यांचं दूध परत केलं. केंद्रचालक अदबीनं म्हणाला, "आबा, दुधात अफ्लाटॉक्सिन निघालंय. बुरशीचं इख. गाईनं खाल्लं की दुधात उतरतंय."

"माझ्या दुधात इख? उकाळल्यावर काय ऱ्हातंय त्याच्यात?"

"उकाळून जात न्हाई त्ये. पेंड बदला, दूध नीट व्हईल."

मामांनी सगळ्यांदेखत किटलीचं झाकण भरून दूध प्यायलं आणि किटली घेऊन घरी आले. पेंड काही बदलली नाही. चार लोकांत खाली बघायचं कसं? केंद्रानं दूध बंद केलं, तर म्हणाले, "त्यांना नगं, तर माझी ओवी पिईल." ओवी म्हणजे त्यांची लाडकी नात. पुढं कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ ते स्वतःच्या हातानं तिला पेला भरून देत राहिले.

मग आजार निघाला. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. म्हणाले, याच्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण बुरशीचा दाणा वर्षानुवर्षं पोटात गेला तर यकृताला सोडत नाही. घरी आल्यावर मामा आधी गोठ्यात गेले आणि सगळी पेंड खड्ड्यात पुरायला लावली. दुसऱ्या दिवशी ओवीचं रक्त तपासायला पाठवलं. तपासणीत काही निघालं नाही, पण त्यांचा जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटच्या भेटीत माझा हात धरून म्हणाले, "आज बरी हाय गं... म्होरं? म्या माझ्या हातानं पाजलंय तिला."

तेराव्यानंतर पुन्हा गेले. मामी शेंगा फोडत होती. हाताची सवय कुठं जाते? डागी दाणे सुपाच्या कडेला जमत होते. मामी म्हणाली, "पुरायचं हाईत, गाईला न्हाई." शेजारी ओवी खेळत होती. तिनं त्यातला एक उचलून तोंडात टाकला आणि कडवटपणानं डोळे मिटून घेतले.

"थुक! थुक आधी!" मामी ओरडली, सूप उपडं झालं.

ओवीनं मान हलवली आणि दाणा गिळला. "थुकायचा नसतो," ती म्हणाली, "आबांनी सांगितलंय."