सही करण्याआधी

सुमनवहिनींचा फोन सकाळी आला. "भाऊजी, हे गेले... या तुमी. पण भाषणवाल्याईले आणू नका." त्यामुळे त्यांच्या नवऱ्याच्या, प्रभाकर इखारच्या शोकसभेत फक्त चौघांनी भाषणं केली, आणि चौघांनीही त्याला 'जागतिक कीर्तीचा सुपुत्र' म्हटलं. वर्ध्यात कायदा शिकवणारा हा माझा मित्र एका आंतरराष्ट्रीय समितीवर मानवी हक्कांचा स्वतंत्र तज्ज्ञ होता. म्हणजे नेमकं काय, हे चौघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तळेगावच्या त्याच्या काकांनी एकदा विचारलं होतं, "पगार नाई, गाडी नाई, मंग जातं काऊन रे?" तो म्हणाला, "काका, कोन्याच सरकारच्या पदरी नसलेला एखांदा मानूस लागते तिथं. त्याले बदलीची धमकी देता येत नाई."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही हिंगणीजवळच्या एका गावात गेलो होतो. पार्बताबाईंचा नवरा पोलीस कोठडीत मेला होता. प्रभाकरनं तासभर ऐकलं, सफाईदार निवेदन लिहिलं आणि अंगठा घेण्याआधी सहज वाचून दाखवलं. त्यात नुकसानभरपाईची मागणी होती. बाई म्हणाल्या, "मी पैसे कवा मांगतले साहेब? तो कसा मेला, थे सांगा मले." परतीच्या एसटीत सेलू आल्यावर तो म्हणाला, "माझं वाक्य तिच्या तोंडी घातलं मी." तेव्हापासून, ज्याचं म्हणणं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय त्यानं कशावरही सही केली नाही.

दहाएक वर्षांनी ही सवय महागात पडली. दूरच्या एका देशात माणसं बेपत्ता झाली होती. त्यांच्या बायकांच्या साक्षी घेऊन समितीचा अहवाल तयार होता, अधिवेशन तोंडावर होतं. प्रभाकर म्हणाला, आधी परत जाऊन वाचून दाखवू. अध्यक्षांनी अत्यंत सौजन्यानं सुचवलं, की सही नसेल तर पुढची नेमणूकही नसेल. ते काम त्याला किती हवं होतं, हे मला माहीत होतं. फोनवर मी म्हणालो, "करून टाक ना सही. कोण बघतंय?"

"त्या बाया पाहून राह्यल्या न बे," तो म्हणाला.

तो त्या देशात परत गेला, एकटाच. बायकांनी 'मृतांच्या विधवा' हे शब्द खोडायला लावले. नवरे मेल्याचं त्यांना कोणीही दाखवून दिलेलं नव्हतं. अहवाल उशिरा निघाला, पण त्यांच्या शब्दांत निघाला, आणि माणसं मेली असं म्हणून शोध गुंडाळायला निघालेल्या सरकारला तो चालू ठेवावा लागला. प्रभाकरला पुन्हा कोणी नेमलं नाही. पुढच्या समित्यांच्या नियमांत मात्र साक्ष वाचून दाखवण्याचं कलम आलं, कोणाचंही नाव न घेता. त्या चार भाषणांपेक्षा मला त्या बिननावाच्या कलमाचा अभिमान जास्त वाटतो.

परवा प्रभाकरच्या घरी पुढच्या खोलीत बसलो होतो. आर्वी रोडवरच्या एका गावचा माणूस प्रभाकरला शोधत आला. प्रभाकर वारल्याचं त्याला कळलंच नव्हतं. वहिनींनी त्याला चहा दिला, त्याची हकिकत लिहून घेतली आणि चष्मा सावरून त्याला वाचून दाखवली, "माझा भाऊ घरून गेला, तो परत आला नाही."

"गेला नाई काकू," तो म्हणाला. "त्याले नेलं."

वहिनींनी ती ओळ खोडली, आणि पुन्हा लिहायला घेतली.