देवीने न दिलेला कौल

रेवा आणि ओम,

हे तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवेल, कारण मराठी वाचताना तुम्ही दोघं अजून अक्षराअक्षराला अडखळता. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण ही गोष्ट त्या भाषेत घडली नाही, म्हणून त्या भाषेत लिहीत नाही. वाचताना आई मध्येच थांबली तर तिला थांबू द्या, पुढे काय झालं म्हणून घाई करू नका. आत्ताच लिहायचं कारण रेवाला माहीत आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने मला विचारलं, "आजी, आईला मी नको होते का? ती मला तुझ्याकडे ठेवून येणार होती ना?" कुणाच्या तरी बोलण्यातून अर्धवट काहीतरी तिच्या कानावर पडलं होतं. मी "नीट ऐकू येत नाहीये गं" म्हणून विषय बदलला. ऐकू अगदी नीट येत होतं. अर्धी गोष्ट मुलाच्या मनात राहणं बरं नाही, म्हणून पूर्ण लिहिते.

रेवा, तुझा जन्म तिकडचा. तुझे बाबा नोकरीमुळे अमेरिकेतच राहिले आणि आई तुला घेऊन रत्नागिरीला आली, तेव्हा तू मानही धरत नव्हतीस. आई वाळून गेली होती. शाळेत कधी दुसरा नंबर न घेतलेली माझी मुलगी, पण तुला उचलायच्या आधी माझ्याकडे बघायची. तू तिच्या अंगावर पीत नव्हतीस. तिने जवळ घेतलं की तोंड फिरवून आक्रोश करायचीस. मग ती मशिनने दूध काढायची आणि मी ते बाटलीने तुला पाजायचे. प्रत्येक गोष्ट ती फोनमध्ये बघायची, आणि फोन तिला दर वेळी नवीन भीती घालायचा.

"आमच्या वेळी असं होतं" म्हणत बसणारी म्हातारी मला व्हायचं नव्हतं. मी सगळं नवं शिकून घेतलं. बाटल्या उकळण्याचं यंत्र, दुधाच्या वेळा सांगणारं ॲप, पाजल्यावर ढेकर काढण्याच्या तीन पद्धती. थोड्याच दिवसांत घर शाळेच्या वेळापत्रकासारखं चालू लागलं. माझ्या खांद्यावर आलीस की तू गप्प व्हायचीस आणि मी कौतुकाने म्हणायचे, "बघ, आली की शांत!" त्या वेळी तुझी आई कुठे बघत असायची, हे मी बघितलं नाही.

तिची रजा संपत आली. एका दुपारी ओटीवर तुझ्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "आई, हिला तुझ्याकडेच ठेव. वर्षभर तरी. मी घेतलं की ती जास्त रडते. तिला माझ्यापेक्षा तू बरी."

मी "बघू" म्हटलं. पण रेवा, आतून मला जो आनंद झाला तो लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. तुझे आजोबा गेल्यापासून घरात घड्याळाचासुद्धा आवाज मोठा वाटायचा. मनातल्या मनात मी पाळणा कुठल्या खोलीत ठेवायचा ते ठरवूनही टाकलं.

शैलाआजी तुम्हाला माहीत आहे. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तिने यजमानांच्या मागे आंब्याची बाग सांभाळली, सत्तरीतही गाडी स्वतः चालवते, आणि जीभ तिची पहिल्यापासून विळीसारखी. ती चहाला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"मग तू काय म्हणालीस?"

"अजून काही नाही."

"म्हणजे हो म्हणालीस."

"अगो, तिला खरंच जमत नाहीये. तू बघत्येस ना?"

"बघत्ये की! जमेल कसं? तिने हात पुढे करायच्या आधी तुझे दोन्ही हात तयार. तुला नात सांभाळायची नाहीये, तुला परत आई व्हायचंय. तेही आपल्याच लेकीच्या मांडीवरचं मूल उचलून!"

मला संताप आला. "तुझ्या सुना तुला सणालासुद्धा बोलवत नाहीत," मी म्हटलं, "तू मला आजकालच्या मुलींचं शिकवू नकोस."

ती चहा अर्धा टाकून उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच "येत्ये गो" न म्हणता शैला आमच्या पायऱ्या उतरली. नंतर आली नाही. मीही फोन केला नाही. तिचं बोलणं मला तेव्हा पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटत नाही.

कौल लावायचं सुचवलं ते तुमच्या आईनेच. आपलं मूळ गाव मालगुंडच्या पुढे समुद्राकाठी आहे, तिथल्या ग्रामदेवीला विचारल्याशिवाय घरात मोठा निर्णय घ्यायचा नाही ही तुमच्या आजोबांकडची रीत. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या फुलांच्या दोन कळ्या चिकटवतात, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुमच्या आईचा यावर कधी विश्वास नव्हता. पण आता ती म्हणाली, "देवीने सांगितलं तर मला कुणी दोष देणार नाही. मी पण नाही देणार." तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. माणूस थकून थकून कडेला आलं की असं बोलतं.

सकाळी रिक्षाची वाट बघत आम्ही दारात उभ्या होतो, तर शैलाची गाडी येऊन थांबली. तिला कुणी सांगितलं ते तुमच्या आईलाच विचारा. काच खाली करून शैला म्हणाली, "बसा. तुझ्याशी बोलायला नाही आल्ये, पोरीसाठी आल्ये." मी ओटीचं सामान घेऊन मागे बसले. खण, नारळ, तांदूळ, गजरा, सगळं दोनदा तपासलं. आरेवारेचा घाट चढताना खाली समुद्र दिसत होता.

गुरवकाकांनी कळ्या लावल्या आणि विचारलं, "बोला, काय मागणं?"

मी म्हटलं, "मूल इथे ठेवावं की तिकडे न्यावं?"

"असा नाय चालत, बाय. दोन गोष्टी एकदम विचारून देवी कशी सांगील? एकच विचारा. हो का नाय."

मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "मूल इथे राहू दे का?"

मागून शैलाचा आवाज आला, हळू पण स्पष्ट. "नेऊ दे का, असं नाही विचारलंस."

मी मागे वळून बघितलं नाही. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "होय महाराजा" म्हणायचं ते आम्ही म्हटलं, आणि थांबलो. उजवी कळी किंचित कलली होती. मी हात जोडले होते, डोळे मात्र मिटले नव्हते. पड, असं मी मनात म्हणत होते. अशी प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती आणि नंतरही नाही. तासभर झाला तरी कळी पडेना. डावीही हलेना. गुरवकाका म्हणाले, "वेळ लागंल. देवीला घाई नसते."

तेवढ्यात तू उठलीस.

दुधाची वेळ झाली होती. मी तुझ्या सामानाची पिशवी घ्यायला हात मागे नेला आणि हाताला काहीच लागलं नाही. पिशवी नव्हती. बाटली, थर्मास, सगळं घरी ओटीवरच्या खुंटीला तसंच राहिलं होतं. दोनदा तपासलं ते देवीचं सामान, तुझं नाही. घरी जाऊन परत यायचं तर दोन तास. शैला दुकानात दुधाचा डबा मिळतो का बघायला धावली. दुपारची वेळ, दुकानाच्या फळ्या लागलेल्या. मी तुला खांद्यावर घेतलं, नेहमीसारखं थोपटलं, नेहमीचंच गाणं म्हटलं. तू ऐकेनास. रडता रडता तुझा आवाज बसला, मग तर तू श्वास धरून ठेवू लागलीस, ओठांचा रंग बदलला. माझ्या खांद्यावर तू गप्प झाली नाहीस असं पहिल्यांदाच होत होतं. तुमची आई खांबाला टेकून उभी होती, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून. मशीन लावायची वेळ टळून गेली होती, तिच्या ब्लाउजवर ओल आली होती, आणि ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही, म्हणून.

देवळाच्या कडेच्या पडवीत एक तरुण बाई मूल पाजत बसली होती. नवसाचा नारळ फोडायला आलेली असावी. ती तिथूनच ओरडली, "ओ आज्जी, आयशीकडं द्या की तिला! तुमच्याकडं काय हाय आता?"

देवळात दोघीतिघी हसल्या. माझे कान तापले. पण मी तुला आईच्या हातात दिलं, कारण माझ्याकडे खरोखरच काही उरलं नव्हतं.

ती बाई सरकली, आपल्या शेजारची जागा हाताने पुसली. "बस गो ताई, टेकून बस."

"ती येत नाही माझ्याकडे," तुमची आई म्हणाली.

"कुनाचा येतोय? माझा पयला सासूकडंच गप ऱ्हायचा. मी आपली चुलीम्होरं रडायची." तिने आपला पदर ओढून दोघींच्या पुढे आडोसा धरला. "कुठली तू?"

"अमेरिकेत असते."

"आगं बाय! आमी हर्णेचे, म्हंजे माझा माहेर. तिकडं मावरा मिळतो काय?"

"मासे? मिळतात. फ्रोजन."

"फ्रीजातला? शी! आनि तो खातेस तू? मंग दूध कसा येल? पोरगी वास घेऊनच पळत आसंल!"

आणि तुमची आई हसली. कित्येक आठवड्यांनी हसली. हसताना तिचे खांदे खाली आले, आणि ती त्या बाईला पापलेटच्या बर्फाबद्दल काहीतरी सांगत असतानाच तुझं रडणं थांबलं. मी पडवीच्या पायरीशी उभी होते. पदराच्या आडून फक्त तुझा एक पाय दिसत होता. आधी तो ताठ होता, मग हळूहळू सैल झाला. इतक्या जवळून तुझ्या घोटाघोटाचा आवाज येत होता. तुमच्या आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती बाई आपली मासळीबद्दलच बोलत होती.

गाभाऱ्याकडे वळले तेव्हा दोन्ही कळ्या खाली पडलेल्या होत्या.

"आधी कुठली पडली?" मी विचारलं.

गुरवकाका ओशाळले. "पोरगी रडली म्हनून मी भायेर बघत होतो. समजला नाय. परत लावू?"

"लावा" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. शैला माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडण्याआधी तुमची आई पडवीतून आली. तू तिच्या खांद्यावर झोपली होतीस.

"नको काका," ती म्हणाली. "मी नेते तिला."

मी देवीसमोर डोकं टेकलं. ओटी भरली. गजऱ्याची गाठ मला बांधता येईना. शैलाने ती बांधली आणि म्हणाली, "चल गो." इतकंच. भांडणाबद्दल आम्ही दोघी त्यानंतर कधी बोललो नाही.

त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. आम्ही प्रसाद घेईपर्यंत ती निघून गेली होती. मी तिला देवी म्हणत नाही. तिच्या अंगाला मासळीचा वास होता, मूल शेंबडं होतं, आणि माझ्याशी ती जरा उद्धटच बोलली. माझ्या हातून पिशवी कशी राहिली, हेही मला आजवर समजलेलं नाही. समजून घ्यायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. मी देवीकडे प्रश्न घेऊन गेले आणि उत्तरही घरूनच घेऊन गेले होते. ते तिने माझ्या हातातून हळूच काढून घेतलं, आणि मला दुखलं तरी घेतलं. शरण जाणं म्हणजे काय ते पुस्तकांत खूप वाचलं होतं. प्रत्यक्षात ते रिकाम्या हातांनी पायरीवर उभं राहण्यासारखं असतं.

पुढे तिकडे सगळं सोपं झालं असं समजू नका. तू मध्येमध्ये पुन्हा तोंड फिरवायचीस, आई फोनवर रडायची. पण "परत पाठवू का" असं तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तू आणि आई गेलात त्या संध्याकाळी शैला आली, पाळण्याच्या दोऱ्या तिने सोडल्या आणि मी घडी घातली.

तर रेवा, तू विचारलंस त्याचं उत्तर असं. तू आईला नको नव्हतीस. ती स्वतःलाच तुझ्यासाठी कमी समजत होती, आणि मी ते तसंच राहू देणार होते. ओम, तू झालास तेव्हा तिने मला ढेकर कसा काढायचा एवढंही विचारलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं आणि खूप बरं वाटलं.

गेल्या महिन्यात मी आणि शैला देवळात जाऊन आलो. देऊळ नवं बांधलंय, गुळगुळीत फरशी घातली आहे, कौल आता गुरवकाकांचा मुलगा लावतो. पडवीत बायका अजून मुलं पाजायला बसतात, आणि नवीन कुणी आली की सरकून जागा देतात.