हुसेनबीच्या टोपलीतली पुस्तकं

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. आज लिहायला बसलेय. चौथीतून शाळा सुटलेला हात हा — जोडाक्षर आलं की अजून थबकतो.

माझं माहेर लांब, किनवटच्याही पलीकडं. वडील गेले, शाळा सुटली, आणि काकांनी मला इकडं तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीजवळच्या एका गावात दिली. दोन दिवसांची वाट. निजामाचं राज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. हुंडा नाही, मानपान नाही; अंगावरचं लुगडंसुद्धा सासरच्यांनीच घेतलेलं. त्या माणसांचे उपकार कसे विसरू? पण त्यांची एकच अट होती — मुलगी शिकलेली नको. थोरल्या सुनेनं गुपचूप पत्रं लिहून भावाला बोलावून घेतलं होतं, आणि गेली ती परत आली नव्हती. काकांनी सांगून टाकलं, पोरीला अक्षराची ओळख नाही. मी मान खाली घालून बसले होते. मी काय बोलणार होते?

बोलले असते तर — पण ते राहू द्या. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

गावात पाराशेजारी एका खोलीत वाचनालय होतं. दोन कपाटं, एक बाक, आणि सोलापूरहून दुपारी येणारा पेपर. चांदचाचा ते सांभाळायचे. त्यांची बायको हुसेनबी घरोघर बांगड्या भरायची. आम्ही बायका त्या खोलीची पायरी कधी चढलो नाही, पण पुस्तकं आमच्याकडं यायची — हुसेनबीच्या टोपलीत, बांगड्यांच्या खाली. वहीत नाव हुसेनबीचं, पुढं तिचा अंगठा. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण दुसरं नाव कुणाचं घालणार? कोणती सून आपलं नाव चारचौघांच्या वहीत घालू देईल?

दुपारी तिच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका आपापल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडायला जमायच्या, आणि मी वाचायची. मला येतं हे त्यांना कसं कळलं? एकदा पुस्तक चाळताना माझे ओठ हलले, हुसेनबीनं ते पाहिलं. बस, एवढंच. माझ्या सुपातल्या शेंगा बाकीच्या जणी फोडायच्या. मी वाचत राहायची, आणि संध्याकाळी सूपभर दाणे घेऊन घरी जायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "हिचा हात लई चलाख हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं. आणि भीतीही वाटायची.

मग वरून हुकूम आला. जिथं वाचणारे कमी तिथली वाचनालयं बंद, पुस्तकं तालुक्याला. गाव चिडलं. सगळ्यात पुढं कोण, तर माझे सासरे. मामंजी दोनदा तुळजापूरला जाऊन आले, दारोदार फिरून अर्जावर सह्या घेतल्या. शेवटी वही बघायला एक साहेब आले. सगळं गाव पारापाशी. आम्ही बायका पदर घेऊन एका बाजूला.

साहेबांनी पानं उलटली आणि हसले. "चाचा, बायकोचा अंगठा बरा कामाला लावलाय तुम्ही. सही येत नाही, आणि महिन्याला आठ पुस्तकं वाचते?"

काही माणसंही हसली. हुसेनबी पुढं झाली. "म्या न्हाय वाचत, सायेब. वाचणारी हाय."

"मग दाखवा की. चार ओळी वाचू द्या. खरं असलं तर मी तसं लिहून देतो."

तिनं नाव घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. कुठल्याच बाईनं बघितलं नाही — सगळ्या नुसत्या थांबल्या होत्या. चांदचाचांनी तेवढी एकदा नजर वर केली. मी पुढच्या रांगेत होते, म्हणून असेल, साहेबांनी पुस्तक माझ्यापुढंच धरलं. ते आमचं गेल्याच आठवड्यात संपलेलं पुस्तक होतं. पहिली ओळ मला पाठ होती.

मी म्हणाले, "मला अक्षर बी येत न्हाय."

मामंजी लगेच पुढं आले. "आमची सून साधी हाय, सायेब. तिला कशापायी इचारता? मला इचारा, म्या रोज येतो पेपर वाचाया." ज्या वाचनालयासाठी ते उन्हातान्हात हिंडले, ते त्यांच्याच डोळ्यांदेखत मी बुडवलं. आणि ते मलाच सांभाळत होते.

साहेबांनी वहीवर शेरा मारला — नोंदी खोट्या. वाचनालय तर गेलंच, वर चांदचाचा खोटे ठरले. आठवड्यानं बैलगाडी आली. चाचा एकेक पुस्तक पुसून गाडीत ठेवत होते. गावातली पोरंसुद्धा पुढं त्यांना अंगठेवाले चाचा म्हणायला लागली. वर्षाच्या आत दोघं सोलापूरला निघून गेली.

जायच्या आधी हुसेनबी आमच्याकडं आली, बांगड्या भरायला. सासूबाई समोरच बसलेल्या. तिनं माझा हात हातात घेतला, एकही बांगडी न मोडता भरला, आणि तळवा उलटा करून बघितला. "लई मऊ हात हाय ग बेटी," एवढंच म्हणाली. सासूबाईंना ते कौतुक वाटलं. शेंगा फोडणाऱ्या हाताची बोटं कशी होतात, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

अट मोडली असती तर त्यांनी मला हाकललं असतं का? मामंजींना मी पुढं तीस वर्षं बघितलं. नसतं हाकललं. ते मला त्या दिवशीही आतून ठाऊक होतं, हे मला आज लिहिलंच पाहिजे.

गल्लीतल्या बायका शेंगा घेऊन पुन्हा जमल्या. दुपारी आम्ही दुसऱ्या ओसरीवर बसायला लागलो. माझ्या सुपाकडं मग कुणाचा हात आला नाही. माझ्या शेंगा मी फोडायला लागले, आणि पहिल्या दिवशी अर्धंच सूप घेऊन घरी गेले.