आबांनी वाटलेलं बी

आम्ही कडाव सोडलं ते ऐन लावणीत, भर दुपारी. सगळं गाव चिखलात उतरलेलं असताना निघायचं, म्हणजे कुणी काही विचारायला नको, असा आबांचा बेत होता. दोन ट्रंका, एक वळकटी, आईच्या कडेवर धाकटा, आणि चौदा वर्षांची मी. पाऊस थांबला होता, तरी एस.टी. येईपर्यंत आबा छत्री तोंडापुढे धरून उभे होते.

गावातल्या पुष्कळांना वाटतं, आग लागली म्हणून आम्ही गेलो. आगीत आमचं फार काही जळलंच नव्हतं. चैत्रात गोठ्यावरच्या पेंढ्याने पेट घेतला, तशी शेजारच्या धोंडूकाकांचं आणि आणखी दोन घरं हंडे-कळश्या घेऊन धावली. गोठा गेला, गुरं आणि घर वाचलं. गोठ्याकडच्या भिंतीला टेकून बियाण्याच्या भाताची कणगी होती. तिच्या शेणामातीला नुसत्या चिरा गेल्या होत्या. आबांनी हात घालून मूठभर भात काढलं, दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, “शाबूत हाय.”

आमच्या घरच्या बियाला चार गावांतून मागणी असायची. आबांना त्याचा भारी तोरा. आई म्हणाली, “मूठभर भिजवून बघा तरी.” आबा तिच्यावरच उखडले. “आपल्या बियाला काय बघायचं?” आणि आग विझवायला आलेल्या तिन्ही घरांत ते स्वतः गेले, हात जोडले आणि रोपं करायला पुरेल एवढं बी देऊन आले. उपकार फेडायची त्यांची हीच रीत होती.

पाऊस लागून आठवडा झाला. गावभर रोपं हिरवी झाली, आणि आमच्यासकट चार घरांच्या वाफ्यांत नुसती माती. आबांनी बोटाने उकरून पाहिलं. दाणे जसेच्या तसे होते. भिंतीतून आच लागून आतला जीव तेवढा गेला होता. धोंडूकाका काही बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. कुणी येऊन कडाकडा भांडलं असतं, तर आबा राहिले असते असं मला अजून वाटतं.

साजगावला कारखान्यात काम मिळालं. चाळीतली एक खोली, भोंगा, शिफ्ट, ओव्हरटाइम. रेशनचा तांदूळ आबा निमूट गिळायचे, नावं ठेवणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. सकाळी निघालं तर दुपारी कडावला जेवायला पोचता येतं. आखातात गेलेले लोकसुद्धा दोन-तीन वर्षांनी गावी येऊन जात. आमच्या आबांना सतरा वर्षांत ते जमलं नाही.

पहिल्या दोन वर्षांत धोंडूकाका दोनदा आले. दोन्ही वेळा आबांनी त्यांना लांबून पाहिलं आणि मोरीच्या पडद्यामागे गेले. “सांग, ड्युटीवर गेलेत.” मी दारात उभी राहून सांगितलं. काका पाणी प्यायले, थोडा वेळ पायरीवरच बसले. “बरं, येतो गं पोरी.” आपल्याला किती सहज खोटं बोलता येतं, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं.

आबा गेल्या वर्षी गेले. दहाव्याला काका आले, तेव्हा न राहवून मी म्हणाले, “तुमचं वर्ष बुडवलं, हे आबांना शेवटपर्यंत लागून राहिलं होतं.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “बुडालं कुठं? मेव्हण्याकडं रोपं उरली व्हती, ती आणून तिन्ही घरांनी लावणी उरकली. भात झालं की. तेच सांगायला आलतो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचं व्हतं गं. पडद्याखालनं पाय दिसत व्हते त्याचे. म्हटलं, मानी माणूस हाय, येईल आपणहून.”

आता मी कडावला जाते. काकांकडे उतरते, त्यांची सून आग्रहाने वाढते, कुणी मला परकं मानत नाही. पण घर म्हटलं की मला चाळीतली ती खोलीच दिसते. मागे श्वास रोखून उभे असलेले आबा, पुढे पायरीवर काका, आणि मधे दार अडवून मी. मी नुसती बाजूला झाले असते, तर आबा घरी गेले असते.