भगवंतरावांनी पळवलेला वाघ

बेला गावचे भगवंतराव पेपर वाचू लागले की घरच्यांना धडकी भरे. किराण्याचं छोटं दुकान, मागं घर आणि पैनगंगेच्या अंगाला थोडं वावर, एवढाच त्यांचा पसारा. पण जगात कुठंही खुट्ट वाजलं की हे इथं दचकत.

यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोकुळाष्टमी, मग रविवार. आदिलाबादेत मास्तरीण असलेली लेक नेहा सुट्टीला घरी आली होती. झेंडावंदन आटोपून भगवंतरावांनी पेपर उघडला, तर जपानात भूकंप. ते उठले आणि दुकानातल्या काचेच्या बरण्या फळीवरून खाली उतरवू लागले.

"अवो, जपान कुठी अन् आपन कुठी?" बायकोनं, भागाबाईंनी विचारलं.

"जमीन तं एकच हाय ना!"

शनिवारी बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. त्यांनी दोरीवरचे ओले कपडे घरात आणून टाकले. त्यात भारत मॅच हरला. "मी आज जेवत नाही," त्यांनी रागानं जाहीर केलं. अष्टमीचा उपास सगळ्यांनाच होता, त्यामुळे कुणी समजूत घातली नाही.

रविवारी मात्र बातमी दारात आली. नदीकाठी वाघाचे ठसे दिसले होते.

"आज वावरात जाऊ नोका," भागाबाई म्हणाल्या.

"वाघ वावरात अन् मी घरात? लोक काय म्हनतीन?"

लेकीसमोर शब्द निघून गेला होता. मग काठी आणि स्टीलचं ताट घेऊन ते निघाले.

कापूस कमरेएवढा झाला होता. मधल्या तुरीच्या ओळीत काहीतरी खसफसलं. भगवंतरावांचे पाय जागीच थिजले. हात मात्र सुटले. ताट बडवत ते ओरडले, "वाघ! वाघ!"

तुरीतून शेजारची राहीबाई ताडकन उभी राहिली. पदराच्या ओट्यात अंबाडीची भाजी. "मेली वो माय!" म्हणत ती धावत आली आणि त्यांचा दंड धरून त्यांनाच ओढत सडकेकडे पळाली. आदिलाबादला निघालेल्या गावातल्या सुरजनं मोटरसायकल थांबवून दोघांची ही धावपळ मोबाइलवर घेतली आणि वाघाच्या धाकानं तिथून धूम ठोकली.

कडुलिंबाखाली दम खात राहीबाईनं विचारलं, "वाघ कुठी होता भाऊजी?"

"मले वाटलं तूच हायेस."

राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. मग ओट्याकडं बघून ओशाळली. "तुमची भाजी न विचारता तोडली. अर्धी घ्या, पन कोनाले सांगू नोका."

घरी आल्यावर भगवंतरावांनी सगळं खरं सांगून टाकलं. मायलेकी हसून हसून बेजार झाल्या.

सोमवारी सुरजच्या व्हिडिओवरून पेपरात छापून आलं: 'बेल्यात शेतकऱ्याने ताट वाजवून वाघ पिटाळला, महिलेचे प्राण वाचले.'

नेहा हसत सुटली. भगवंतरावांनी बातमी पुन्हा एकदा वाचली. चेहरा गंभीर झाला.

"हसून काऊन राह्यली? पेपरात खोटं कसं येईन? तो तिच्या मागं दबून बसला असन. मले दिसला नाही, एवढंच."

"बाबा, तिथं फक्त राहीबाई होती!"

तेवढ्यात राहीबाईच दारात आली. हातात शिजवलेल्या अंबाडीचं भांडं, डोळ्यांत पाणी. "भाऊजी, तुमी माया जीव वाचवला, अन् मले पत्ताच नाही!"

भागाबाईंनी कपाळाला हात लावला. भगवंतरावांनी भांडं घेतलं आणि नम्रपणे म्हणाले, "शेजारधर्म हाय, बाई."

नेहा आदिलाबादच्या बसमध्ये बसली तेव्हा खिडकीतून दुकान दिसत होतं. समोर चांगलीच गर्दी जमली होती, आणि गोष्टीतला वाघ तोवर भगवंतरावांपासून चार हातांवर येऊन ठेपला होता.