बर्फातलं गवत

तैलरंग शिकायचे म्हणजे सुरई, दोन संत्री, फार तर तलावावरचा सूर्यास्त, अशी माझी समजूत होती. बाईंनी शिकवणीच्या पहिल्याच रविवारी समोर लढाई ठेवली. जुन्या काळची, कुठल्याशा थंड मुलखातली. बर्फात रुतलेली तोफ, तिला ओढणारे शिपाई, गुडघे टेकलेला घोडा. बाईंच्या भिंतीवरची छापील तसबीर होती ती. मी नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्ट ऑफिसात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडणारा माणूस, बर्फ पाहिला तो फ्रीजमधला.

"बाई, काही सोपं द्या ना."

"सोपं तू घरी करजो," त्या म्हणाल्या.

बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. ही लढाई स्वतः रंगवायची त्यांची जुनी हौस संसारात राहून गेली, आणि सवड मिळाली तेव्हा डोळ्यांना काचबिंदू झाला. उरलेली नजर किती टिकेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते. "पुरं झालेलं मले पाहाचं आहे," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. रडगाणं नाही. आणि ते पुरं करायचं होतं मी.

माझा पहिला बर्फ पाहून त्यांनी विचारलं, "भिंतीले चुना लावून राहिला का गा?" पांढरा सगळ्यांत शेवटी, आधी निळा, जांभळा, थोडा मातकट, हे त्यांनी मला कितीदा खरडून काढायला लावून शिकवलं. मान तिरकी करून त्या कॅनव्हासला नाक लावत आणि रंग वाळला का हे करंगळीच्या टोकानं हळूच पाहत. इतकं हट्टी आणि इतकं आनंदी माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मे महिन्यात चित्रातला पुढचा बर्फ तेवढा रंगवायचा राहिला. तो मी कॅनव्हास घरी नेऊन रंगवला. आता नागपुरात उन्हाळ्यात जे जपायचं ते कूलरसमोर ठेवतात: पाहुणा, तान्हं बाळ, टरबूज. मीही ओला कॅनव्हास तिथंच ठेवला आणि आडवा झालो. कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवली होती. दुपारची झोप काढून उठलो तर बर्फभर वाळ्याच्या काड्या चिकटलेल्या.

रविवारी चित्र तसंच घेऊन गेलो. तोंड उघडायच्या आत बाई कॅनव्हासवर वाकल्या. करंगळी बर्फावरून सरकली आणि थांबली.

"हे गवत मस्त काढलं गा. याच्यानं बर्फ जड वाटून राहिला आता."

कूलरचं मी सांगितलंच नाही. बाईंची नजर इतकी गेली, असं मला वाटलं. मूळ तसबिरीत गवताचं पातं नव्हतं.

घरी येऊन चिमट्यानं एकेक काडी उपटली आणि जिथली काढली तिथंच सगळ्यांत बारीक ब्रशनं गवत रंगवलं. वाळकं, पिवळट, प्रत्येकाची निळी सावली बर्फावर. समोर नक्कल करायला काहीच नव्हतं. बाईंचं कौतुक खोटं पडू द्यायचं नव्हतं, एवढंच.

पुढच्या खेपेला करंगळी पुन्हा त्याच जागेवर आली. थोडी पुढे गेली, परत मागे आली.

"मागच्या वेळी टोचलं होतं," बाई म्हणाल्या. "वाळ्याचा वासही होता."

"मग तेव्हाच काहून नाही बोलल्या?"

"बोलली असती तं तू पुसून टाकलं असतं. मले तुझं गवत पाहाचं होतं."

त्यांनी चित्र खिडकीशी धरायला लावलं आणि मान तिरकी करून खूप वेळ पाहिलं. मग हातानं चाचपत भिंतीवरची तसबीर उतरवली आणि माझ्या हाती दिली.

"हे तू घेऊन जाय. त्या खिळ्यावर आता तुझं चित्र लागन."

मी चित्र टांगलं. बाई इतक्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या की नाक बर्फाला टेकलं. रंग अजून ओला आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.